न फाडलेला कागद

माझे मेहुणे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले आणि दुकानदारांनी त्यांना चहा पाजला. निवृत्त झाले तरी हातात आलेली वस्तू तोलून पाहिल्याशिवाय खाली ठेवणं त्यांना जमत नाही. पहिलं बाळ त्यांच्या हातात दिलं तेव्हा नाकाडोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, "तीन किलोला जरा कमी भरेल." आणि भरलं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, यंदा सणाला नव्हती. पावसाळ्याआधीच गेली. तेव्हापासून भाऊजींची एकच तक्रार होती, आणि ती ते भेटेल त्याला सांगायचे, पोस्टमनलासुद्धा. "जाताना माझ्याशी काही बोलली नाही हो. नर्सला म्हणाली, खिडकीचा पडदा जरा सरकवा. मला काही नाही. मी तिथंच होतो, खुर्चीत." पोस्टमन मान हलवायचा आणि पुढच्या घरी जायचा. एवढ्या संसाराचं शेवटचं वाक्य पडद्याबद्दल असावं, हे त्या माणसाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्या घरात सणाच्या भेटींचा एक नियम होता, आणि तो अर्थातच ताईचा होता. नुसतं थँक्यू म्हणून सुटका नाही. जेवणाआधी सगळ्यांसमोर भेट उघडायची, उभं राहायचं आणि या वस्तूचं मी काय करणार ते सांगायचं. "देणाऱ्याला कळू दे की," ती म्हणायची. मुलं लहान असताना हे वळण लावणं होतं, मोठी झाल्यावर त्याची भाषणस्पर्धा झाली. सगळ्यांसाठी भेटी ताईच आणायची आणि "बाबांकडून" म्हणून हातात ठेवायची. भाऊजी टेबलाच्या टोकाशी बसून, आपणही त्याच क्षणी पहिल्यांदा पाहिलेल्या वस्तूबद्दलचे आभार स्वीकारायचे. पुलाच्या उद्घाटनाला मंत्री हार घालून घेतो, तितक्याच सहजपणे. "मला वाटलंच तुला आवडेल," म्हणायचे.

ताई स्वतःची भेट उघडायची ती कागद न फाडता. नखानं चिकटपट्टी सोडवायची, घडी मोडू न देता कागद उलगडायची, वस्तू बघायची, उभी राहून छान काहीतरी बोलायची आणि कागद होता तसा वस्तूभोवती परत गुंडाळायची. "चांगला कागद आहे," एवढंच. तिला इतका वेळ लागायचा की माझा भाचा म्हणायचा, "आईचं ऑपरेशन आटोपलं की मला उठवा."

सणाला आठवडा उरला असताना भाऊजींचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"अरे, तुझ्या ताईनं कमाल केली बघ."

"काय झालं?"

"पांघरुणं काढायला कपाट उघडलं. खालच्या खणात, अगदी मागे, भेटी. बांधून तयार. पाच."

"पाच?"

"पोरगी, पोरगा, सूनबाई, तू आणि मी. तिनं स्वतःला धरलंच नाही, कळतंय का तुला? म्हणजे तिला माहीत होतं. बोलली नाही, पण करून गेली."

मी म्हटलं, "कुणाची कुठली, काही लिहिलंय का?"

"ती कधी लिहायची? तिच्या डोक्यात असायचं. ते मी बघतो, हाताला वजन कळतं माझ्या. आधी धूळ पुसतो."

धूळ का बसली असेल, हा प्रश्न निरीक्षकाला पडायला हवा होता. पण तपासणी नेहमी दुसऱ्याच्या दुकानाची असते. शिवाय मलाही तो पडला नाही.

सणाच्या दिवशी मी पोचलो तेव्हा टेबलावर चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर पाच पुडकी ओळीनं मांडलेली. भाऊजींनी दाढी केली होती, हनुवटीला कापूस चिकटला होता. माझी भाची आतून ताटं घेऊन आली, टेबलाकडे पाहिलं आणि थबकली. मग ताटं खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला वाटलं, आईची आठवण झाली असेल.

"वजनाप्रमाणे लावलंय," भाऊजी म्हणाले. "दवाखान्यात जिनं सगळ्यात जास्त उचललं तिला सगळ्यात जड. ज्यानं फोन केले त्याला सगळ्यात हलकं."

"बाबा, मी रजेसाठी किती—" भाचा म्हणाला.

"असू दे. हलकं म्हणजे वाईट नाही. आधी मामा उघडतील."

मी ताईसारखं हळूच उघडायला गेलो. चिकटपट्टी नखाला लागायच्या आधीच सुटली, तिच्यात चिकटपणाच उरला नव्हता. आत शाल होती, बायकांची, काठाला जांभळी फुलं. मी ती याआधी पाहिली होती. दोन सणांपूर्वी, याच खुर्चीतून. भाचीनं आईला दिली होती. ताई उभी राहून म्हणाली होती की सकाळी फिरायला जाताना घेईन. ती सकाळी कधी फिरायला गेली नाही, सकाळी तिला सगळ्यांचे डबे असायचे.

मी भाचीकडे बघितलं. ती ताटातली भाजी चमच्यानं नीट करत होती.

भाऊजी वाट पाहत होते. मी उभा राहिलो. "सकाळी फिरायला जाताना घेईन," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"बघ," भाऊजी म्हणाले, "तुझ्या खोकल्याची तिला काळजी होती. फुलंबिलं जाऊ दे, ऊब बघ."

सूनबाईंच्या पुडक्यातून मऊ चपला निघाल्या. त्या मी आणल्या होत्या, दुकानदार म्हणाला होता, ढगावर चालल्यासारखं वाटेल. तळवे कोरे होते. सूनबाईंनी त्या पायात घालून दाखवल्या, मागे दोन बोटं जागा राहिली. "घरात घालीन," त्या म्हणाल्या, "फरशी गार असते." बाई नोकरी करतात, पटकन सावरतात.

भाच्याच्या हातात त्याच्याच बायकोनं सासूला दिलेली पर्स आली. आत फुगवायला भरलेले कागदाचे बोळे जसेच्या तसे. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं टेबलाखालून त्याला पाय मारला, नव्या चपलेनं.

"मी... बँकेचे कागद ठेवीन यात."

"तुझे कागद सांडत असतात ना सगळीकडे," भाऊजी म्हणाले. "ती बघत होती बरं का. सगळं बघत होती."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊजी प्रत्येक वस्तूचं कारण सांगत होते, आणि प्रत्येक कारण चुकीचं होतं. चेहरा मात्र उजळत चालला होता. माणूस एकेक पुडकं उघडेल तसा बायकोशी बोलत होता.

भाचीनं सगळ्यात जड पुडकं उघडलं. पाय दाबायचं विजेचं यंत्र. गुंडाळलेल्या वायरवरचं रबरबँडही निघालं नव्हतं. तिच्या भावानंच आईला दिलं होतं ते, कारण आई दिवसभर उभी असते. भाची उभी राहिली आणि त्या रबरबँडशीच चाळा करत राहिली.

"बोल की," भाऊजी म्हणाले. "नियम आहे."

"संध्याकाळी," ती म्हणाली, "सगळी कामं झाली की बसेन निवांत. दहा मिनिटं."

हेही ताईचंच वाक्य होतं. भाचा ताटात बघत म्हणाला, "चांगलं यंत्र आहे. गॅरंटी असेल अजून."

"संपली," भाची म्हणाली.

भाऊजींना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी शेवटचं पुडकं जवळ ओढलं. दोन्ही हातांवर घेऊन तोललं, आणि कपाळाला आठी पडली. हाताला ते वजन ओळखीचं लागलं असावं. भाची म्हणाली, "बाबा, आधी जेवून घेऊ. गार होतंय." पण त्यांनी कागद उघडला.

स्वयंपाकघरातला वजनकाटा होता तो. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, चार काटे तपासून, त्यातला एक पसंत करून बायकोसाठी आणला होता. आयुष्यात स्वतःच्या हातानं आणलेली एकमेव भेट. ताई तेव्हा उभी राहून म्हणाली होती, "आता कुणाला कमी नको, जास्त नको. रोज वापरीन." त्यानंतर जेवायला बसलं की भाऊजी म्हणायचे, "मीठ कसं बरोबर पडलंय. काटा आहे ना." आणि ताई म्हणायची, "हो ना."

ताटलीवर कंपनीचं पारदर्शक आवरण अजून ताणलेलं होतं.

ते काट्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या मांडीवरच्या शालीकडे, पर्सकडे, सूनबाईंच्या पायांकडे, यंत्राकडे. कुणाचा काटा मारलेला आहे हे ओळखायची त्यांची एक नजर होती. दुकानदार तिला घाबरत असत. त्या दिवशी ती नजर टेबलावरून एकदा फिरली आणि परत आपल्या ताटावर आली.

"तुम्हाला कळलं होतं," ते म्हणाले.

सूनबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"सगळ्यांना."

"बाबा, जपून ठेवायची ती," भाचा म्हणाला. "आवडलेलं जपायचीच."

"तिला काय हवं होतं?"

प्रश्न टेबलाला होता, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी तिला सगळ्यात आधीपासून ओळखत होतो. मी आठवून पाहिलं. लहानपणी तिला खिडकीजवळची जागा आवडायची, एवढंच आठवलं. दर वर्षी सणाच्या आधी मी भाऊजींना फोन करून विचारायचो, ताईला काय आणू, आणि ते म्हणायचे, तिला काय, काहीही चालतं. तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

"बसा भाऊजी," मी म्हणालो.

ते बसले नाहीत. नियम होता. खुर्चीच्या पाठीला धरून ते ताठ उभे राहिले आणि साहेबापुढं अहवाल वाचावा तशा आवाजात म्हणाले, "आता कुणाला कमी नको. जास्त नको." पुढे ओठ हलले, पण "रोज वापरीन" काही बाहेर आलं नाही.

भाचीनं त्यांच्या ताटात वाढलं. जरा जास्तच वाढलं गेलं. आम्ही जेवायला लागलो, चमच्यांचे आवाज येत राहिले. भाऊजींनी काटा परत कागदात ठेवला. जुन्या घड्यांवर कागद बरोबर बसला, एकही घडी चुकली नाही. चिकटपट्टी तेवढी धरेना. ते दोन्ही हातांनी ती दाबून बसून राहिले, आणि त्यांचं ताट तसंच गार होत गेलं.