चॅम्पियनने बोट सोडली

सांगून सांगून माझा घसा बसला. आमच्या रोइंग क्लबात हंगामाच्या पहिल्या रविवारी एक कवायत असते, तिला सगळे उलटापालट म्हणतात. धक्क्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात बोटीत बसायचं, मुद्दाम बोट उलटवायची, पट्ट्यांत अडकवलेले पाय सोडवून बाहेर यायचं आणि बोट धरून थांबायचं. मदतीची लाँच मी चालवते. ती पोचेपर्यंत हात सोडायचा नाही. बस्स, एवढंच! दोन मिनिटांचं काम. पण सव्वीस जणांपैकी आले किती? नऊ. एकाचा कान दुखत होता, एकीने कालच केस धुतले होते आणि दोघांनी तर फोनच बंद ठेवले.

सगळ्यांवर कडी म्हणजे आमचे भावजी. माझे धाकटे दीर. पोहण्याची पदकं भिंतीवर मावत नाहीत, म्हणून क्लबात सगळे त्यांना चॅम्पियन म्हणतात. गेली तीन वर्षं ते कवायतीच्या दिवशी धक्क्यावर कॉफी पीत उभे राहतात आणि वर मलाच चिडवतात.

"वहिनी, माशाला कसलं पाणी दाखवता?"

"माशाचे हातपाय गारठत नाहीत, भावजी. तुमचे गारठतील."

"तुम्ही फार घाबरवता बुवा!"

आमचे हे क्लबचे सेक्रेटरी. त्यांनी धाकट्या भावाला दटावायचं की नाही? तर म्हणे, "अगं, जाऊ दे ना. तो पोहणारा माणूस आहे." डोकंच फिरलं माझं. अहो, पोहणाऱ्यांचीच तर मला धास्ती! कच्चा माणूस घाबरून बोटीला मिठी मारून बसतो. पट्टीच्या पोहणाऱ्याला मात्र किनारा हाताशी दिसतो. उलटलेली बोट तरंगत राहते, पण गार पाण्यात माणसाचे हातपाय थोड्याच वेळात ऐकेनासे होतात, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या फळ्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

पुढच्याच शनिवारी सकाळी भावजी एकट्याची बोट घेऊन निघाले. वारा सुटला होता. ज्युनियर मुलींना मी नुकतंच धक्क्याला आणून सोडलं होतं, भावजींची चौदा वर्षांची लेक त्यांच्यातच होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. दूर वळणावर एक बोट पालथी दिसत होती.

लाँच लगेच वळवली, हातांना सवय होती. लाँच थेट पालथ्या बोटीकडे न्यायची, कारण माणूस तिथेच असणार, असा आमचा नियम. मी पोचले. बोट होती. वल्ही होती. माणूस नव्हता.

"भावजी!" मी किंचाळले. बोटीखाली हात घालून चाचपलं, तिथेही कुणी नाही. मग डोक्यात प्रकाश पडला आणि खरं सांगते, भीतीच्या आधी संतापच आला. सोडली! या बाबाने बोट सोडली! आता एवढ्या पाण्यात मी शोधू कुठे? अंगात काळा टी-शर्ट, पाणी काळपट, त्यात लाटा. किनाऱ्याच्या दिशेने लाँच हळूहळू नेत राहिले. जोरात न्यावी, तर त्यांच्याच अंगावरून जायची.

किनारा साठ-सत्तर पावलांवर राहिला असेल, तेव्हा ते दिसले. पाण्यावर फक्त तोंड. हात हलत नव्हते. मी दोरी फेकली, ती बरोबर छातीवर पडली, पण बोटं मिटेनात. एवढी पदकं जिंकली आणि आता साधी दोरी धरवेना! शेवटी इंजिन बंद केलं, त्यांच्या बगलांत हात घातले आणि सगळा जीव एकवटून आत ओढलं. धक्का येईपर्यंत मी त्यांना शिव्या घालत होते. गप्प बसले असते तर रडू फुटलं असतं.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना क्लबाच्या खोलीत ओले कपडे काढून ब्लँकेटांत गुंडाळलं. सगळे गोळा झाले.

"नशीब, पोहता येतं म्हणून वाचला!" कान दुखणारा म्हणाला.

"केवढं अंतर कापलं, बघा तरी!" केस धुणारी म्हणाली.

आमचे हे डोळे पुसत म्हणाले, "चॅम्पियन आहे तो, चॅम्पियन!"

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला. पोहले म्हणून वाचले? अरे, पोहायला गेले म्हणून तर मरत होते! मी तोंड उघडणार, इतक्यात भावजींची लेक बोलली. ती बापाच्या उशाशी बसली होती. रडून डोळे सुजले होते, पण आता मान ताठ झाली होती.

"पप्पा, माझी बोट उलटली ना, तर मीपण अशीच सोडून पोहत येईन. तुमच्यासारखी."

सगळे कौतुकाने हसले. भावजी हसले नाहीत. दातांवर दात आपटत होते, शब्द नीट निघत नव्हता.

"मी पोहत नव्हतो गं," ते म्हणाले. "बुडत होतो. तुला हाका मारत होतो आणि आवाजच फुटत नव्हता."