कोरडी काख

"चिमाजीबुवा, काख दाखवा."

"काख? कशापायी, भाऊ?"

"कांदा दाबलाय का बघायचंय."

मी असाच बोलतो. महाळुंग्यातल्या या कंपनीत प्रथमोपचाराची खोली अकरा वर्षं सांभाळतोय. काखेत कांदा धरून ताप आणणारे पाहिलेत, तोंडात गरम चहा धरून थर्मामीटर लावून घेणारे पाहिलेत. मे महिना लागला की तासाला एकाला चक्कर येते. माझ्या खोलीत कूलर आहे ना! साहेबांनीही बजावलं होतं, खरा आजारी असेल त्यालाच बसवा.

चिमाजी भट्टीवरचा कंत्राटी कामगार, पंचावन्नच्या पुढचा. माझ्याकडे कधी फिरकला नव्हता, आणि आज त्याच्या पुतण्याचा साखरपुडा. गेटवरच मला कळलं होतं. बरोबर आजच कसा आजारी पडला हा?

त्याने हात वर केला. कांदा नव्हता. काख मात्र कोरडी ठणठणीत, आणि अंग हात लाववेना इतकं तापलेलं. थर्मामीटर म्हणाला, एकशे पाच.

"भट्टीवरून आलात आणि घामाचा थेंब नाही? कुठल्या सावलीत लोळत होतात?"

"न्हाई वो. सकाळधरनं तितंच हाय. जरा आडवा व्हऊ का?"

"आणि मग साखरपुड्याला जायचं, काय?"

"कुणाच्या?" त्याने विचारलं.

मी मोठ्याने हसलो. "वा बुवा! पुतण्यालाही विसरलात!"

एकशे पाच ताप असलेला माणूस चालत येईल होय? थर्मामीटर बिघडला असणार. मी त्याला एक गोळी दिली आणि परत पाठवलं. तो भिंतीला धरून गेला. तेही मला जरा जास्तच वाटलं.

वीस मिनिटांत कुलदीप सुपरवायझर ओरडत आला. चिमाजी भट्टीपुढे कोसळला होता, हातपाय झटकत होता. मग काय, बर्फ, पाणी, पंखा, जे जे आधी करायला हवं होतं ते सगळं केलं. अॅम्ब्युलन्समध्ये मीच बसलो. चिंचवडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला हाका मारत होतो. डॉक्टर म्हणाले, उष्माघात; यात घामच थांबतो, भान सुटतं. संध्याकाळी तो गेला.

बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती, प्रभावती. साखरपुड्याचं नवं लुगडं अंगावर तसंच.

"तुमी गोरक्षभाऊ ना? दवापान्याचे?"

"हो, वहिनी."

"वाटंत तुमी जवळ व्हता, कुलदीपनं सांगितलं. लई बरं झालं." तिने पदराने तोंड पुसलं. "दुसरा कुनी असता तर म्हनला असता, म्हातारा नाटक करतोय."

सांगायला हवं होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढे धरली.

"घ्या भाऊ. उन्हातनं आलाय. तुमचं तोंड बगा कसं उतारलंय."

मी बाटली घेतली आणि तिच्यासमोर उभा राहून पाणी प्यायलो.