तानाबाईची लसूणघास

तानाबाई गेली त्या हिवाळ्यात गोठ्यामागची, गाईच्या चाऱ्याची लसूणघास पिवळी पडत गेली. पाणी होतं, शेणखत होतं, तरी एकेक ठोंब वाळला. एकच हिरवा उरला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, प्रभाकररावांनी त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तळेगावहून एसटीनं बोरगाव मेघेला सुनेकडे आले.

अंकिता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. पानाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं तयार करणं हेच तिचं काम.

"मामाजी, नवं बी पेरलं तर?" ती म्हणाली. "पण बियाचं झाड अगदी असंच निघेल असं नाही."

"मंग बी नको. तुह्या सासूनं लावलेलं हेच पाह्यजे."

पहिल्या बाटल्यांना बुरशी लागली. दुसऱ्या खेपेला पानांच्या कडांना हिरवट गोळे धरले, पण कोंब काही फुटेना. तिकडे वैशाखात शेवटचा ठोंबही वाळला. प्रभाकरराव नातीशी बोलायला फोन करायचे आणि ठेवता ठेवता विचारायचे, "गोळ्याले काही फुटलं का?"

"नाही अजून."

अंकितानं कोंब फुटवणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण बदलून पाहिलं, पुन्हा बदललं. भर पावसाळ्यात एका गोळ्यावर तीन पानांचा कोंब दिसला. प्रभाकरराव दुसऱ्याच दिवशी आले.

"हात लावू का?"

"बाहेरूनच लावा."

त्यांनी बाटली दोन्ही तळव्यांत धरली. काच कोमट झाली तरी खाली ठेवली नाही.

मुळं फुटली. रोपं आधी सावलीत रुळवली आणि दिवाळीनंतर गोठ्यामागे लावली. ती झपाट्यानं वाढली. तानाबाई घास फुलावर येऊ द्यायची नाही, आधीच कापायची. फूल आलं की काडी टणक होते, म्हणायची.

माघात अंकिता गावी गेली, तर सगळा वाफा जांभळ्या फुलांनी भरलेला. प्रभाकरराव वाफ्याच्या कडेला धुऱ्यावर बसले होते, विळा बाजूला.

"कापली काऊन नाई, मामाजी?" तीही त्यांच्यासारखीच बोलून गेली.

"रोज कापालेच येतो."

त्यांनी जवळचं एक फूल बोटांत धरलं.

"एवढे वर्ष घरची घास, पण इचं फूल मी कधी पाह्यलं नोतं. तिनंबी नसन पाह्यलं." ते म्हणाले. "तिले दाखवाले पाह्यजे होतं."

अंकिता शेजारी बसली. गोठ्यात गाय दावं ओढून हंबरत होती. बऱ्याच वेळानं प्रभाकररावांनी विळा उचलला आणि एका कडेनं कापायला लागले. पेंडी अंकितानं नेऊन टाकली. गाईनं ती फुलांसकट खाल्ली.