बरणीतली गाठ

प्रेषित गॉडस्विलने पांढरा रुमाल अक्पेव्वेच्या छातीवर दाबला, डोळे मिटून तीनदा आरोळी ठोकली, आणि रुमाल उचलला तर त्यात लालभडक गाठ! प्रार्थनेच्या मांडवातले चारशे लोक उठून नाचायला लागले. गाठ बरणीत पडली, बरणी अक्पेव्वेच्या हातात आली. आता दवाखान्याची पायरी चढलीस तर सैतान परत येईल, असं पापांनी बजावलं; प्रेषिताला सगळे पापा म्हणत. या ताकिदीशिवाय असले धंदे चालतच नाहीत.

अक्पेव्वे तीस वर्षं उघेल्लीच्या बाजारात उसी विकत होती. कसावा या कंदाचं सत्त्व शिजवून, पाम तेल घालून केलेली चिकट उसी. तिची धाकटी बहीण ओनोमे सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकावर काम करायची. ताईच्या छातीतली गाठ अजून हाताला लागतेय, हे तिला ठाऊक होतं. ताई म्हणायची, तो नुसता व्रण आहे. असे आठ महिने गेले.

शेवटी ओनोमेने बरणीतला कण काचेवर घेऊन तपासला आणि कागदावर लिहिलं: पेशीविरहित. अक्पेव्वेने तो कागद भाबडेपणाने पापांना नेऊन दिला.

रविवारी पापांनी तो मांडवात फडकावला. "खुद्द दवाखाना लिहून देतो, यात पेशी नाहीत! माणसाच्या मांसात पेशी असतात. मग हे कोण? सैतानाला कुठून येणार पेशी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओनोमेला संताप आला, पापांपेक्षा स्वतःचा जास्त. एक शब्द लिहून ती मोकळी झाली होती, त्याचा अर्थ सांगायला ती थांबली नव्हती.

ती आयोडीनची बाटली घेऊन थेट ताईच्या स्वयंपाकघरात गेली. मटणाच्या तुकड्यावर थेंब टाकला, तो पिवळटच राहिला. पातेल्यातल्या उसीवर टाकला, निळाकाळा झाला. बरणीतल्या गाठीवर टाकला, तीही निळीकाळी झाली.

"ताई, मांस पेशींचंच बनतं. पेशी नाहीत म्हणजे ते कधी कुणाच्या अंगात नव्हतंच. ही खळ आहे, नुसता स्टार्च, म्हणून आयोडीनने उसीसारखी निळी झाली; लाल सरबतात रंगवून रुमालाच्या घडीत आधीच ठेवलेली."

अक्पेव्वेने गाठीचा तुकडा चिमटीत धरून चोळला. बराच वेळ चोळत राहिली.

"माझीच आहे," ती म्हणाली. "दर शुक्रवारी पापांकडची पांढऱ्या झग्यातली बाई डबाभर न्यायची. तेल घालू नका म्हणायची. मला वाटलं, पापांना तेल सोसत नसेल."

पुढच्या रविवारी पापांनी एका तरुण पोरीच्या मानेतून गाठ काढली, तेव्हा अक्पेव्वेने व्यासपीठावर चढून सगळ्यांसमोर रुमालातल्या गाठीवर आयोडीन ओतलं. रुमाल निळाकाळा झाला. "ही मी शिजवलीय," एवढंच ती बोलली. बाटलीतून चेटूक आणलंय म्हणत सेवकांनी तिला खाली ओढलं आणि गाणं सुरू केलं. बरेच लोक गायले. ती पोर मात्र मान चाचपत अक्पेव्वेच्या मागे बाहेर आली.

आठवड्याने ताईच्या छातीतून सुईने काढलेला नमुना ओनोमेच्या काचेवर आला. यात पेशी होत्या, कर्करोगाच्या, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या. डॉक्टर म्हणाले, आठ महिन्यांपूर्वी आल्या असतात तर काम सोपं होतं.

तुमच्या अंगातून कुणी काही काढून दाखवलं, तर नाचण्याआधी ते तपासायला मागा. दवाखान्याच्या कागदावरचा शब्द कळला नाही, तर ज्याने लिहिला त्यालाच अर्थ विचारा. आणि जो तुम्हाला दवाखान्यात जायला मनाई करतो, त्याच्या मांडवातून त्याच क्षणी उठा. ओनोमे हल्ली हे प्रत्येक बाईला सांगते. ताईला सांगायला तिने आठ महिने लावले होते.