भिंगांना अंगरखा घालणारा मी

दुरून पाहिलेत तर मी एक जुना पोलादी पिंप आहे. जवळ याल तेव्हा पोटावरची काचेची गोल खिडकी दिसेल. मित्रांनो, किकवीजवळ हायवेच्या कडेच्या या शेडमध्ये मी बारा वर्षे काम केले. मला प्लाझ्मा यंत्र म्हणतात.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात प्लॅस्टिकचे इवलेसे भिंग बसवतात. पण आपले शरीर परक्या वस्तूला सहज घरात घेत नाही. भिंगावर पेशी चिकटतात, डोळा लाल होतो. म्हणून माझ्या पोटात भिंगे मांडून आतली हवा पंपाने काढत. मग थोडा वायू सोडून वीज दिली की तो जांभळा उजळे. त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. त्यात एका द्रवाची वाफ सोडली की भिंगावर केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर बसे. हा अंगरखा घातलेले भिंग डोळ्याला सोसते. त्याची परीक्षा सोपी होती. भिंगावर पाण्याचा थेंब ठेवायचा. तो पसरला, तर काम चोख.

मला चालवायची भोरची फौजिया. एसटीने यायची, केस टोपीत बांधायची, हातमोजे घातल्याशिवाय मला शिवायची नाही. उत्रोलीचे धनाजीकाका आमचे मुकादम. त्यांचा माझ्यावर फार जीव.

२००१ सालची खंडेनवमी. शेतकरी नांगर पुजतात, तशी काकांनी माझी पूजा केली. हार घातला, नारळ फोडला. इतके पुरे होते. पण माया उतू गेली आणि त्यांनी खोबरेल तेलात कालवलेल्या कुंकवाचे एक बोट माझ्या दाराच्या आतल्या अंगाला लावले.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूच्या एका शिबिरासाठीची भिंगे माझ्या पोटात गेली. आमच्या शेडमध्ये झाडलोट करणाऱ्या सखूबाईंचेही नाव त्या शिबिराच्या यादीत होते. भिंगे संध्याकाळी रवाना झाली नाहीत, तर त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन थेट दिवाळीनंतरच्या शिबिरात व्हायचे.

खिडकीतून पाहून फौजिया थबकली. "काका, रंग फिका हाय."

"मीटर बरूबर हाय ना? मग रंग बघायला आपण काय रंगपंचमी खेळतोय?"

ती वाद घालत बसली नाही. फेरी संपल्यावर माझे दार उघडून तिने एक भिंग काढले आणि त्यावर थेंब ठेवला. अळूच्या पानावर बसतो तसा तो गोल बसून राहिला. मग तिने दाराच्या आतल्या अंगावर कापड फिरवले. कापड लाल झाले.

काकांनी ते कापड हुंगले; खोबरेलाचा वास आला. तेलाची वाफ थरात मिसळली होती. सगळी भिंगे बाद झाली. सखूबाईंना सांगायला काका स्वतः गेले आणि मान खाली घालून सगळे बोलले.

सखूबाई म्हणाल्या, "मुकादम, दिवाळी म्या चाचपडत काढीन. पर कुकू कपाळाला लावत्यात, डोळ्यात न्हाई."

त्यानंतर तीन दिवस काकांनी स्पिरिटने मला आतून पुसले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी माझ्या पोटात पुन्हा गडद जांभळा उजेड पडला आणि भिंगावरचा थेंब सपाट पसरला.

मी हजारो भिंगांना अंगरखे घातले. तरी मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो न गेलेल्या त्या भिंगांचा, कारण त्या दिवशी आमच्या शेडमधून खोटे काम बाहेर पडले नाही.

दिवाळीनंतर सखूबाईंचा डोळा झाला. महिन्याने त्या कामावर आल्या, झाडू घेतला आणि माझ्या पायथ्याशी वाकल्या. बराच वेळ त्या कोपरा न्याहाळत होत्या.

"अगं बया! इतकी वर्सं म्या ही धूळ हितंच ठेवत हुते व्हय?"

फौजिया हसू लागली, काकाही हसले. सखूबाईंनी मात्र सगळी शेड पहिल्यापासून पुन्हा झाडून काढली.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमची माया आहे, तिला काय सोसते आणि काय सोसत नाही हे आधी जाणून घ्या. मला हारापेक्षा स्वच्छ फडके अधिक आवडते.