टपावरचे ऊन

शरच्चंद्रांनी शेवटचा बोल्ट आवळला आणि ते गाडीच्या टपावरच बसून राहिले. माघ सरत आला होता. अकराचे ऊन पाठीला बरे वाटत होते. समोर तीन सोलर पॅनेले ओळीने बसवलेली होती आणि त्यांच्या काळ्या काचेत बडोद्याच्या हरणी भागाचे आभाळ जसेच्या तसे उतरले होते. जवळच्या विमानतळावरून एक विमान उठले, आधी आभाळातून गेले, मग काचेतून गेले.

गाडी पूर्वी एका शाळेची मिनीबस होती. शरच्चंद्र प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती घेतली, बाकडी काढली, आत पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी असे घर बसवले. पडदे अहल्याबाईंनी शिवले. दोघांना तिच्यातून माधवपूरला जायचे होते. महिला मंडळाच्या सहलीत द्वारकेकडे जाताना अहल्याबाईंना तिथला समुद्र दोनच मिनिटे दिसला होता, अगदी रस्त्याला लागून. बस थांबली नाही. घरी आल्यावर आठवडाभर त्या तेच सांगत होत्या.

"आपण तिथे गाडी लावायची. दुपारचं जेवायचं आणि दार उघडं टाकून झोपायचं. समुद्राकडे पाय करून. पण पंखा हवा हं मला."

"तिथे पंख्याला वीज कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा. रेल्वेचे ना तुम्ही!"

पंख्याला वीज हवी तर टपावर पॅनेल हवे, हे शरच्चंद्रांना तेव्हाच कळले होते. पण टप अहल्याबाईंचा होता. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसले आणि वाळवण घालायला जागा उरली नाही, तेव्हा त्या कमिटीशी भांडून आल्या आणि शिडी लावून सरळ गाडीच्या टपावर चढल्या. गेल्या चैत्रात त्यांनी कुरडया तिथेच घातल्या. कावळे येऊ नयेत म्हणून कठड्याला बांबूची काठी बांधली आणि संक्रांतीची जुनी काळी साडी फाडून तिची हातभर रुंद पट्टी काठीला लावली. वरूनच त्यांनी बजावले, "तुमच्या त्या सोलरने माझी गच्ची नेली. आता टपावर काही लावायचं नाही. शब्द द्या."

शरच्चंद्रांनी खालून शब्द दिला होता. हातात चिकाची वाटी होती. गरम चीक खाताना माणूस कसलाही शब्द देतो.

श्रावणात अहल्याबाई गेल्या. कुरडयांचा डबा फळीवर तसाच भरलेला राहिला.

गाडी सहा महिने जागची हलली नाही. पुण्याहून मुलगा, उन्मेष, दर रविवारी फोन करायचा. "बाबा, काढून टाका ती गाडी. रोज खिडकीतून बघता आणि जेवत नाही, पद्माकाकू सांगतात मला." शेवटी शरच्चंद्रांनी त्याला एक गोष्ट कबूल केली. पॅनेल लावून बघतो. पंखा बारा ते चार नीट चालला तर मी माधवपूरला जाऊन येईन. नाही चालला तर गाडी देऊन टाकू.

शेवटचा बोल्ट आवळला त्या दिवशी पंखा बाराला लावला आणि साडेबाराला तो मंदावत मंदावत थांबला. जुन्या बॅटरीत होते तेवढेच त्याने ओढले, वरून काही आले नाही. शरच्चंद्र पलंगावर आडवे होऊन थांबलेल्या पात्यांकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटायला हवे होते. पण छातीवरचा भार उतरल्यासारखे झाले आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही. अधूनमधून ते वर जाऊन बसत. काठीची सावली सकाळी पहिल्या पॅनेलवर असे, दुपारी मधल्यावर येई, चारनंतर तिसऱ्यावर. सावकाश, वाळवण उलथत पुढे सरकणाऱ्या बाईसारखी. वाऱ्याने पट्टी हलली की सावलीचा पदर हले. ते बघत बसले की चहाची वेळ टळून जाई.

रविवारी पद्माकाकूंची मिताली आली. शेजारचीच गुजराती मुलगी, कारखान्यांच्या छपरांवर सोलर बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. तिला बहुतेक उन्मेषनेच फोन केला असावा. ती भराभर शिडी चढली आणि वरूनच ओरडली.

"काका, तुम्ही गंमत करताय का?"

"काय झालं?"

"आ काठी! हिची सावली भर दुपारी मधल्या पॅनेलवर पडतेय."

शरच्चंद्र हळूहळू वर आले. "कावळ्यांसाठी आहे ती."

"कावळे काय पॅनेल खाणार आहेत?"

शरच्चंद्रांनी काठीची गाठ चाचपली. मिताली थांबायला तयार नव्हती.

"आमच्या कंपनीत नवीन आलेल्याने असं केलं असतं ना, तर मी त्याला दिवसभर शिडीवरून उतरू दिलं नसतं. आणि तुम्ही? अडतीस वर्षं रेल्वेच्या डब्यांचे दिवे-पंखे केलेत. तुम्हाला सावली दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"पहिल्याच दिवशी दिसली."

मितालीने त्यांच्याकडे पाहिले, मग पट्टीकडे. तिचा आवाज खाली आला. "काकूंची साडी ना ही?"

"संक्रांतीची. टपावर माझं काही लावणार नाही असं मी तिला सांगितलं होतं. तरी लावलं. आता तिचं तेवढंही काढून टाकू?"

मिताली मांडी घालून बसली. विमानाची सावली सोसायटीच्या गच्चीवरून आली, पॅनेलांवरून घसरली आणि कडुनिंबात शिरली. मितालीने एका पॅनेलखाली हात घालून वायर चाचपली.

"तिन्ही एकामागे एक जोडलीत. एकच साखळी. का?"

"बारीक वायरवर भागतं."

"पॅनेलं जुनी आहेत. एकावर सावली आली की तिन्ही बसतात. प्रत्येकाची वायर वेगळी खाली आणली तर? काकूंची सावली ज्याच्यावर पडेल ते बसेल. बाकीची दोन चालतील."

शरच्चंद्र तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. सहा महिन्यांत असे हसले नव्हते. वर्कशॉपमध्ये नवीन पोरे आली की पहिल्या दिवशी ते हेच शिकवायचे. डब्यातला एक दिवा गेला म्हणून अख्खा डबा अंधारात जात नाही, कारण प्रत्येक दिव्याची जोडणी स्वतंत्र असते. अडतीस वर्षे शिकवले.

"हे मला तू सांगतेस?"

"कुणीतरी सांगायला हवं ना. चालो, जाड वायर आहे का घरात?"

"प्रतापनगरच्या माणसाच्या घरी वायर नाही, असं ऐकलंयस कधी?"

वायर पलंगाखालच्या पेटीत निघाली. तिन्ही पॅनेलांच्या वायरी वेगळ्या खाली आणून, प्रत्येकीला फ्यूज घालून, एकत्र जोडेपर्यंत एक वाजला. मितालीने मीटर बघितला, मान डोलावली आणि "मम्मी वाट बघतेय" म्हणून निघून गेली. काठीला तिने हात लावला नव्हता.

त्या दिवशीची वेळ टळली होती. सोमवारी बरोबर बाराला शरच्चंद्रांनी पंखा लावला, दार उघडे टाकले आणि दाराकडे पाय करून आडवे झाले. साडेबारा झाले. एक झाला. पंखा फिरत होता. पडदा आत येत होता, बाहेर जात होता. गाडी उभीच होती, तरी चालल्यासारखी वाटू लागली. बडोदे मागे पडले, राजकोट मागे पडले, मग रस्ता वळला आणि पंख्याचा आवाज लाटांच्या आवाजात मिसळला. वर टपावर पावले वाजत होती. हलकी, जपून टाकलेली. अहल्या कुरडया घालत होती. तिला खाली ये म्हणावे, समुद्र आला म्हणावे, असे त्यांच्या मनात आले. पण ती कामात होती. झाले की येईल. ते पडून राहिले.

जाग आली तेव्हा पावले अजून वाजत होती. ते बाहेर येऊन बघतात तर काठीपासून लांब, टपाच्या टोकाला, एक कावळा पॅनेलवर उड्या मारत होता. पट्टी हलली तसा तो उडाला. घड्याळात चारला पाच मिनिटे कमी होती. आत पंखा फिरतच होता.

संध्याकाळी उन्मेषचा फोन आला.

"बाबा, चालला का?"

"चालला."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. मी झोपलो होतो."

"मग?"

शरच्चंद्रांनी खिडकीतून गाडीकडे पाहिले. "मग काय. जावं लागणार आता."

"मी येऊ का बरोबर?"

"नको. पुढच्या खेपेला ये."

फोन ठेवून त्यांनी फळीवरचा कुरडयांचा डबा खाली काढला. झाकण घट्ट बसले होते, ते त्यांनी उघडले नाही. डबा गाडीत नेऊन ओट्याखाली ठेवला. मग तळायला काही लागेल हे लक्षात आले, म्हणून पुन्हा घरात जाऊन कढई आणली आणि तेलाची बाटली. झारा कुठे असतो ते त्यांना माहीत नव्हते. तो शोधायला त्यांनी स्वयंपाकघरातले एकेक खण उघडायला सुरुवात केली.