चारशे सह्यांची भिंत

माझा भाचा आमच्या ऑफिसात कलाप्रमुख आहे. घरी मला मावशी म्हणतो, ऑफिसात मॅडम, आणि पाठीमागे काय म्हणतो तेही मला ठाऊक आहे. त्याने तीन वर्षं चित्रकलेचा कोर्स केलाय. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर शिकले. हा फरक तो कुणाला विसरू देत नाही.

आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. नव्या खेळात भलामोठा किल्ला होता आणि त्याची भिंत माझ्याकडे होती. भिंत म्हणजे खरं तर एकच चौकोन. त्यात वीसपंचवीस दगड रंगवायचे आणि तोच चौकोन शेजारी-शेजारी, वर-खाली लावत गेलं की किल्ला उभा. सांधा मात्र दिसता कामा नये. म्हणून मी चित्र अर्धं सरकवते. कडा मधोमध येतात. तिथे उघडी पडलेली शिवण रंगवून बुजवते, पुन्हा सरकवून बघते. आणि एकही दगड फार देखणा होऊ देत नाही. देखणा दगड चौकोनात एकदा असतो, भिंतीवर चारशे वेळा.

सोमवारी मालक भिंत बघणार होते. पसंत पडली तर खेळातल्या सगळ्या भिंती, रस्ते, अंगणं माझ्याकडे. नाहीतर बाहेरून तयार चित्रं घेणार आणि मी घरी.

शुक्रवारी भाचा खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"मॅडम, फार सपाट वाटतंय. जीव नाही यात."

"भिंत आहे ती. तिने गप्प बसायचं असतं."

"तुम्हाला नाही कळणार ते. फाईल पाठवा, मी शेवटचा हात फिरवतो."

पाठवली. मूळ फाईल तेवढी स्वतःकडे ठेवली. डब्यात चार घास राखून ठेवावेत, तशी ही माझी जुनी खोड.

सोमवारी मोठ्या पडद्यावर किल्ला उघडला. मालक खुर्ची पुढे ओढून बसले. "दगडावर हे काय आहे?"

भाच्याची कीव यायला हवी होती, आली नाही. पठ्ठ्याने एका दगडाच्या कोपऱ्यात आपली सही कोरली होती. नखाएवढी, वळणदार, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. एकट्या चौकोनात ती कुणाच्या नजरेस आली नसती. पण चौकोन जोडून बघणं तीन वर्षांच्या कोर्सात बसलं नसावं. बुरुजावर सही, दरवाजाच्या दोन्ही अंगांना सही, पार वरपर्यंत सही. मास्तरांनी शिक्षा म्हणून लिहायला लावल्यासारखी.

"भिंत मॅडमनी केलीय," भाचा म्हणाला. एवढी चपळाई कामात कधी दिसली नव्हती.

"अस्सं?" मालक म्हणाले. "मग रजेच्या अर्जांवर मी हीच सही बघतो, ती कुणाची?"

मी माझी मूळ फाईल लावली. भिंत गप्प झाली. मालक तिच्याजवळ जाऊन बोटाने सांधा शोधत राहिले. बराच वेळ.

"चौकोन संपतो कुठे?"

"शोधा की," मी म्हटलं.

ते परत येऊन बसले. "रस्ते कधी देताय?"

संध्याकाळी ताईचा फोन. "अगं, आज आल्यापासून तोंड फुगवून बसलाय. जेवतही नाही. ऑफिसात कुणी छळतं का त्याला?"

"छळतं ना. त्याची सही."

"म्हणजे?"

"काही नाही गं. त्याला जेवायला घाल. आणि सांग, उद्या दहाला माझ्या टेबलाशी ये म्हणावं. कडा कशा सरकवायच्या ते दाखवते. खुर्ची स्वतःची आण म्हणावं, माझी मी सोडणार नाहीये."